चौथा कोच निवडण्याआधी

मालकसाहेब,



तुमचं किंवा क्लबचं नाव या पत्रात मी कुठेही घेणार नाही. आपल्या शहरात ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि तुम्हाला तर एव्हाना कळलंच असेल. तीन हंगामांत तीन कोच आले आणि गेले. तिघांनाही घालवताना तुमच्या कार्यालयाने तेच चार ओळींचं पत्रक काढलं: करार परस्पर संमतीने संपला, पुढील वाटचालीस शुभेच्छा. अपयशाचा शिक्का तिघांच्या माथी बसला, तुम्ही नामानिराळे राहिलात. म्हणून हे पत्र उघड लिहितोय. या तीन वर्षांत क्लबचा जो विचका झाला, त्याचे धनी तुम्ही आहात. तिघांनाही तुम्हीच निवडलं होतं.

परवा चौथ्यासाठीची तुमची जाहिरात वाचली. पहिली अट, उमेदवार सर्वोच्च पातळीवर खेळलेला असावा. दुसरी, मोठ्या स्पर्धेचं विजेतेपद नावावर असावं. तिसरी, नावाजलेलं व्यक्तिमत्त्व असावं. मागच्या तिन्ही वेळी याच अटी होत्या. ठेच लागली की माणूस खाली बघतो. तुम्हाला तीनदा लागली आणि तुमची नजर अजून पोस्टरवरच आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण तुमच्या बोलण्यात तिचा कायम गोंधळ असतो. इंग्लंडमध्ये ज्याला मॅनेजर म्हणतात, त्याला आपण कोच म्हणतो. आपल्याकडचा मॅनेजर म्हणजे रेल्वेची तिकिटं, जेवणाचे डबे आणि किटच्या बॅगा सांभाळणारा माणूस. तुम्ही आणता पहिल्या जातीचा माणूस, आणि सामन्याच्या आदल्या रात्री फोन करून अकरा नावं सांगता दुसऱ्या जातीच्या माणसाला सांगावीत तशी.

मागच्या कोचचं आगमन मला चांगलं आठवतं. पंचतारांकित हॉटेल, पडद्यावर त्याच्या जुन्या गोलांची फिल्म. मी घड्याळ लावून पाहिलं, नऊ मिनिटं ती चालली. त्या नऊ मिनिटांत तो माणूस मैदानाबाहेर रेषेशी उभा राहून कुणाला काही सांगतोय, असं एकही दृश्य नव्हतं. सगळे गोल त्याने स्वतः मारलेले, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे. तुम्ही त्याच्या हाती जर्सी दिलीत, टाळ्या झाल्या. आपल्या दुसऱ्या फळीतली मुलं त्याने पाहिली आहेत का, असं कुणी तरी विचारलं. तुम्ही मध्येच म्हणालात, ‘ते सगळं होईल.’

तीन दिवसांनी पहिला सराव होता. जुलैची सकाळ, रात्रभर पाऊस कोसळलेला, गोलपोस्टसमोर घोटाभर तांबडा चिखल. नवे कोच मांडवाखाली उभे होते आणि गोलकीपरला त्याचं नाव तिसऱ्यांदा विचारत होते. मैदानात होते ते आपले सहायक कोच, ज्यांना सगळी मुलं नुसतं ‘सर’ म्हणतात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, फक्कीचं पोतं प्लास्टिकने झाकलेलं, पावसाने धुऊन नेलेल्या रेषा पुन्हा मारणं चाललं होतं. हातातलं काम न सोडता त्यांनी अंबरनाथहून पहाटेची लोकल पकडून आलेल्या पोराला खूण केली. पिशवीत केळी होती. पोर उपाशी आलंय हे त्यांना न सांगता माहीत होतं. त्याच्या डाव्या पायाचा घोटा अजून पुरता भरलेला नाही, हेही माहीत होतं. त्या दिवशी त्याला टॅकलिंगमधून वगळलं ते सरांनी.

नऊ सामन्यांनंतर नवे कोच गेले. त्या पोराचं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट आलं नाही.

मालकसाहेब, खेळणं आणि खेळवणं हे दोन वेगळे धंदे आहेत. इंडियन सुपर लीगने हे आपल्या डोळ्यांदेखत दाखवून दिलं होतं. टेडी शेरिंगहॅम हा थोर खेळाडू. १९९९च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्नविरुद्ध भरपाई वेळेत मँचेस्टर युनायटेडला बरोबरी साधून देणारा तो. २०१७ साली कोलकात्याच्या एटीकेने त्याला कोच नेमलं. एटीके तेव्हा गतविजेता होता. शेरिंगहॅमचा मुख्य कोच म्हणून त्याआधीचा अनुभव किती? इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतल्या स्टिव्हनेजमध्ये वर्षही पुरं भरलेलं नव्हतं, आणि तिथूनही त्याला काढलं होतं. एटीकेने दहा सामन्यांनंतर जानेवारी २०१८मध्ये त्याला निरोप दिला आणि दहा संघांत नववा नंबर घेऊन हंगाम संपवला. आपल्या मुंबईतही २०१५ साली निकोलस अनेल्काला खेळाडू आणि कोच दोन्ही केलं होतं. आठ संघांत सहावा नंबर आला. मी यात त्या दोघांना नावं ठेवत नाही. ज्या कामाचा सराव नव्हता ते काम त्यांच्या हाती दिलं गेलं, आणि देणाऱ्याने ते नावाला भुलून दिलं.

मार्को मातेराझ्झीने त्याच २०१५मध्ये चेन्नईयनला विजेतं केलंच की, असं तुम्ही म्हणाल. केलं. पुढच्याच हंगामात तो संघ सातव्या स्थानी होता. झिकोचं उदाहरणही तुम्ही देता, आणि नेमकं तेच तुमच्या विरोधात जातं. एफसी गोवाने आणलेला झिको हा ब्राझीलचा दहा नंबरचा खेळाडू होताच, पण त्याआधी चार वर्षं त्याने जपानचा राष्ट्रीय संघ सांभाळला होता, २००६च्या विश्वचषकात नेला होता आणि फेनरबाचेला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचवलं होतं. गोव्यात तो तीन हंगाम राहिला. पहिल्या वर्षी उपांत्य फेरी, दुसऱ्या वर्षी अंतिम सामना, तिसऱ्या वर्षी तळ. तळाला जाईपर्यंत त्याला वेळ दिला गेला हेसुद्धा ध्यानात घ्या. तुम्ही पोस्टरवरचा झिको बघता. कामाला आला तो जपानमधला झिको.

आपल्या देशाने पाहिलेला सर्वांत मोठा कोच शाळामास्तर होता. सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे. ‘मैदान’ सिनेमा तुम्ही पाहिला असेल, क्लबच्या खर्चाने सगळ्यांना दाखवलाही होतात. पण सिनेमात दिसतात त्या रहीमसाहेबांना भारताने कशाच्या बळावर कोच केलं होतं, याचा विचार तुमच्या मनाला शिवला नाही. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ ते घडवत होते. त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला, तोही आपल्या मुंबईत, कूपरेजवर. माझे वडील ते सामने बघायला जायचे आणि पुढे आयुष्यभर सांगायचे, की त्या संघातला कुणी चेंडू पायात धरून ठेवायचाच नाही. रहीमसाहेब पोरांना ड्रिबल न करता खेळायला लावत, कमजोर पायाने खेळायला लावत. शिकवणं हाच त्यांचा अनुभव होता. त्याच अनुभवावर १९५१ आणि १९६२ची आशियाई सुवर्णपदकं आली आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथं स्थान मिळालं. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचाच.

१९६२च्या जकार्ताचं मुद्दाम सांगतो. बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्याला बाकावर न बसवता आघाडीला खेळवलं. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धही केला आणि भारत २-१ने जिंकला. आपल्या माणसाचं शरीर, मन आणि उंची कोळून प्यालेला कोचच असला निर्णय घेऊ शकतो. तो कुठल्या बायोडेटात लिहून येत नाही. त्यासाठी माणसाने त्या पोरांसोबत वर्षं काढलेली असावी लागतात.

आता खालिद जमीलकडे येतो, कारण ही जखम आपल्या शहराची आहे. ऑगस्ट २०२५मध्ये तो भारताचा कोच झाला, तेरा वर्षांनी त्या खुर्चीवर भारतीय माणूस बसला, आणि तुम्ही भाषणात ‘आपला मुंबईचा खालिद’ म्हणालात. तो आपल्या मुंबईत खालच्या आवाजात काम करत होता तेव्हा तुमच्यासारख्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. २००९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याने मुंबई एफसी हाती घेतला. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू नाहीत, काही हंगाम घरचे सामनेसुद्धा पुण्याला बालेवाडीत. सात वर्षं त्याने तो संघ देशाच्या आय-लीगमध्ये टिकवून धरला. टिकवून धरण्याला तुमच्या जाहिरातीत रकाना नाही. त्यासाठी चषक मिळत नाही, मिरवणूक निघत नाही. पण दर वर्षी चांगला खेळाडू दुसऱ्याने उचलून न्यायचा, आपण नव्याने पोरगा उभा करायचा, आणि शेवटच्या तीन सामन्यांत चार गुण काढायचे, यात कोच जितका शिकतो तितका भरल्या ताटावर कधीच शिकत नाही.

२०१६मध्ये खालिद मुंबईतून आयझॉलला गेला. आयझॉल एफसी आदल्या हंगामात आय-लीगमधून खाली घसरलेला. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा अशा गोव्यातल्या क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं म्हणून आयझॉलला परत जागा मिळाली होती. खालिदने मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता तिकडे नेले. मिझो पोरांत ते मिसळले आणि ३० एप्रिल २०१७ला शिलाँगमध्ये १-१ बरोबरी साधून आयझॉलने देशाची लीग जिंकली. ईशान्येतल्या क्लबने ती जिंकण्याची ती पहिली वेळ. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून लीगबाहेर गेला. मी त्या रात्री जेवलो नाही. आपल्याच गावातला कोच आणि आपल्याच गावातली पोरं तिकडे चषक उचलत होती आणि इकडे आपल्या मैदानाला कुलूप लागत होतं. पिकतं तिथे विकत नाही ही म्हण मी लहानपणापासून ऐकतोय. ती इतकी टोचेल असं वाटलं नव्हतं.

खालिदला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. आयझॉलनंतर ईस्ट बंगालने त्याला मोठ्या अपेक्षेने नेलं आणि तिथे चौथा नंबर आला. नॉर्थईस्ट युनायटेडला त्याने अर्ध्या हंगामात हाती घेऊन उपांत्य फेरीत नेलं, आणि पुढच्या पुऱ्या हंगामात तोच संघ अकरात दहावा झाला. मग जमशेदपूरला जाऊन त्याने पुन्हा उभारी धरली. भारताचा कोच झाल्यावर मध्य आशियाच्या स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरं स्थान मिळवलं, आणि पुढच्याच महिन्यात मडगावात सिंगापूरकडून १-२ने हरल्याने २०२७च्या आशियाई करंडकाचं दारही बंद झालं. हा सगळा चढउतार म्हणजेच अनुभव, मालकसाहेब. अ‍ॅलेक्स फर्ग्युसनलासुद्धा १९७८ साली सेंट मिरनने काढून टाकलं होतं. त्यानंतर तो अ‍ॅबरडीनला गेला, १९८३मध्ये रेआल माद्रिदला हरवून युरोपचा कप विनर्स कप जिंकला आणि मग मँचेस्टरला आला. तिथेही पहिला चषक हाती लागायला १९९० उजाडलं, म्हणजे साडेतीन वर्षं गेली. तुमच्या हाताखाली तो नऊ सामन्यांत घरी गेला असता.

मला परदेशी कोचचं वावडं नाही. मानोलो मार्केझ स्पेनच्या खालच्या श्रेण्यांत वर्षानुवर्षं काम करून २०२०मध्ये हैदराबादला आला. हैदराबाद आदल्या हंगामात तळाला होतं. त्याने आकाश मिश्रा, आशिष राय, गोव्याचा लिस्टन कोलासो अशा पोरांना सामन्यामागून सामने खेळवले आणि मार्च २०२२मध्ये फातोर्ड्यात सुपर लीगचा अंतिम सामना जिंकला. त्याच्या अनुभवाची किंमत आपल्याकडच्या क्लबला कळण्यासारखी आहे, कारण त्याचा धडा अपुऱ्या पैशात कच्ची पोरं घडवण्याचा होता. गोव्याच्या आर्मांदो कोलासोंनी धेंपोला पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवून दिलं, तेही एकाच क्लबात वर्षानुवर्षं मुरून. आपल्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली ती डेरिक परेराच्या हाताखाली. ही माणसं काही तुम्हाला परकी नाहीत. तुम्ही त्यांच्याशी हस्तांदोलन केलंय, फोटो काढलेत. प्रश्न मात्र एकही विचारला नाहीत.

तुमच्या तिन्ही अटी खोडून टाका. येणाऱ्या माणसाला विचारा, एका ठिकाणी सलग किती हंगाम काढलेस? तुझ्या हाती आला तेव्हा बाकावर बसणारा आणि तू सोडलंस तेव्हा वरच्या क्लबने मागून नेलेला, असा एक खेळाडू सांग. सलग पाच सामने हरलास तेव्हा सहाव्याच्या आधीच्या आठवड्यात काय केलंस? तो आठवडा त्याला दिवसानुसार आठवत असेल तर तो कामाचा. पगार दोन महिने थकले तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये काय सांगितलंस? आपल्याकडे पगार थकतात, साहेब, हे तुम्हाला मी सांगायला नको. उन्हात दुपारी तीनचा सामना, पाण्याने भरलेलं मैदान, छत्तीस तासांचा रेल्वेप्रवास, एका संघात मराठी, कोकणी, मिझो, मल्याळम आणि पोर्तुगीज बोलणारी पोरं, यातलं काय काय निभावलंयस? चॅम्पियन्स लीगचा गोल यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही.

आणि एक प्रश्न तुमच्यासाठी. कोचकडे अनुभव मागणाऱ्या मालकाचा स्वतःचा अनुभव काय? तीन वर्षांत तुम्ही एकदाही कुठलाच पराभव पचवलेला नाही. प्रत्येक पराभव तुम्ही कुणाच्या तरी गळ्यात मारलात. वरच्या काचेच्या खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, मध्यंतराला बदली खेळाडूचं नाव चिठ्ठीवर खाली पाठवायचं, आणि संघ हरला की कोचला बोलवायचं. ती चिठ्ठी आणणारा मुलगा आमच्या स्टँडसमोरून धावत जातो. आम्ही सगळे ती बघतो.

सरांनी या जागेसाठी अर्ज केला आहे, हे तुमच्या टेबलावर असेलच. बारा वर्षं ते आपल्या ज्युनियर संघांसोबत आहेत, लायसन्सच्या परीक्षा पदरचे पैसे भरून देत आहेत. तुमच्या कार्यालयाने त्यांना तोंडी सांगितलं, ‘मुख्य कोचचा अनुभव नाही.’ कुठून असणार? तुम्ही दिलाच नाही. दर वेळी वरचा माणूस गेला की उरलेले चार-पाच सामने सरांनी सांभाळायचे आणि नवा आला की पुन्हा फक्कीचं पोतं उचलायचं. हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडाने २०२३च्या एप्रिलमध्ये हंगामी कोच म्हणून ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला, कोझिकोडला बंगळुरूवर २-१ने. पुढच्या हंगामात ओडिशाला नवा परदेशी कोच आला आणि क्लिफर्ड दुसऱ्या क्लबात पुन्हा सहायक. आलेला कोच मोठ्या यशाचा होता हे मान्यच, पण चषक जिंकूनही अनुभव ‘पुरेसा’ होत नसेल तर आपल्या सरांनी काय करायचं?

मी असं म्हणत नाही की सरांनाच घ्या. कदाचित ते वरच्या फळीच्या कामाला अजून तयार नसतील. पण बाकीच्यांना ज्या टेबलासमोर बसवणार त्याच टेबलासमोर त्यांनाही बसवा, आणि तेच प्रश्न त्यांनाही विचारा. ज्याला निवडाल त्याला निदान दोन पुरे हंगाम द्या, तसं करारात लिहा, आणि आदल्या रात्रीचे फोन बंद करा. हंगामाचं तिकीट मी तीन वर्षं न चुकता काढलंय आणि याही वर्षी काढणार आहे. तेवढ्या हक्काने मागतोय.

सोमवारी मुलाखती आहेत असं कळलं. रविवारी सकाळी सहाला मैदानावर या. गाडी फाटकाबाहेर ठेवा, आत चिखल आहे. सर तेव्हा रेषा मारत असतील, आणि अंबरनाथची लोकल वेळेवर असेल तर ते पोरही आलेलं असेल. त्याचं नाव सरांना विचारा.

कळावे,

पूर्व स्टँडमधला तुमचा एक तिकीटधारक